मुलांच्या उशाशी कोण?

जून महिना लागला की खानदेशातल्या एस.टी. स्थानकांवर पेट्या आणि वळकट्या दिसू लागतात. हल्ली पत्र्याच्या पेटीची जागा चाकांच्या बॅगेने घेतली आहे, पण आतला ऐवज फारसा बदललेला नाही. चार कपडे, ताट-वाटी, लोणच्याची बरणी आणि आईने वर्तमानपत्राच्या कागदात बांधून दिलेल्या दशम्या. सातपुड्याच्या पाड्यावरचा पावरा मुलगा आश्रमशाळेत निघालेला असतो. रावेर-यावलकडच्या एखाद्या केळी बागायतदाराची मुलगी निवासी इंग्रजी शाळेत चाललेली असते. साक्रीकडचे एखादे पोर नवोदयाची परीक्षा उत्तीर्ण होऊन आलेले असते आणि त्याच्या बापाच्या चेहऱ्यावरचा अभिमान लपता लपत नाही. घर सोडून शिकायला जाणे खानदेशाला नवे नाही. इथल्या कित्येक घरांत शिकलेली पहिली पिढी वसतिगृहातच वाढली.

मुलाला अशा शाळेत घालताना आईवडील काय विचारतात? निकाल किती टक्के लागतो, फी किती, इमारत पक्की आहे का, पाणी बारमाही आहे का, जेवणात दूध मिळते का. हे सगळे प्रश्न योग्यच आहेत. पण एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. संध्याकाळी शिक्षक आपापल्या घरी गेल्यावर माझ्या मुलाच्या उशाशी कोण असणार? तो माणूस तिथेच राहतो का? त्याच्याकडे मुले किती? त्याला त्यांची नावे ठाऊक असतात का? मध्यरात्री कोणी रडले, कोणाला ताप चढला, तर जागा होणारा कोण?

शाळेचा दिवस सहा तासांचा असतो. उरलेले अठरा तास वसतिगृहाचे. सहा तासांच्या माणसाला आपण शिक्षक म्हणतो, त्याला पदवी लागते, प्रशिक्षण लागते, त्याचा सत्कार होतो. अठरा तासांच्या माणसाला आपण गृहपाल किंवा अधीक्षक म्हणतो आणि त्याच्याकडून हजेरीपट व धान्याचा हिशेब यांपलीकडे काही मागत नाही. निवासी शाळा घडते किंवा बिघडते ती या माणसामुळे, आणि आपल्या शिक्षणव्यवस्थेत सर्वांत स्वस्त मानलेला माणूसही हाच, असे माझे म्हणणे आहे. ते पटवण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागेल. मात्र त्यातले सर्वांत महत्त्वाचे गाव आपल्या घरचेच आहे.

एक साल, तीन ठिकाणे

साल १९२४. एकमेकांची गंधवार्ताही नसलेल्या तीन ठिकाणी त्या वर्षी निवासी शिक्षणाचे तीन प्रयोग सुरू होत होते.

पहिले ठिकाण फार दूरचे, पश्चिम आफ्रिकेतले. आजचा घाना देश तेव्हा 'गोल्ड कोस्ट' या नावाने इंग्रजांची वसाहत होता. राजधानी अक्राजवळच्या अचिमोटा येथे मार्च १९२४ मध्ये गव्हर्नर गगिसबर्ग यांनी एका निवासी शाळेची कोनशिला बसवली. जानेवारी १९२७ मध्ये तिचे रीतसर उद्घाटन झाले. 'अचिमोटा' या नावाचा तिथल्या गा भाषेतला अर्थ मोठा हृद्य आहे. या जागी कोणाचे नाव घ्यायचे नाही, असा तो अर्थ. पळून आलेले गुलाम इथल्या रानात आसरा घेत, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. ज्या रानात माणसे नाव लपवून राहिली, तिथेच पुढे मुलांनी नाव काढावे म्हणून शाळा उभी राहिली!

या शाळेचे पहिले प्राचार्य अलेक्झांडर फ्रेझर हे आपल्या शेजारच्या सिलोनमधून, कँडीच्या ट्रिनिटी कॉलेजचे प्राचार्यपद सोडून तिथे गेले होते. त्यांचे वडील बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर होते. फ्रेझर यांच्या जोडीला होते डॉ. जेम्स अॅग्री. ते गोल्ड कोस्टचेच सुपुत्र, अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन परतलेले. शाळेच्या मानचिन्हावर पियानोच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आहेत, त्या अॅग्रींच्या विचारातून आल्या. नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवर सूर निघतो, नुसत्या काळ्यांवरही निघतो, पण सुरांचा मेळ साधायचा तर दोन्ही लागतात, असे ते सांगत. मुलगे आणि मुली एकाच शाळेत शिकावेत हाही आग्रह होता, आणि त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती.

विद्यार्थी वेगवेगळ्या निवासांत विभागलेले, प्रत्येक निवासाला घराचे रूप आणि त्या घराचा एक शिक्षक पालक. घाना स्वतंत्र करणारे क्वामे एन्क्रुमा १९३० साली इथूनच शिक्षक होऊन बाहेर पडले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेरी रॉलिंग्ज आणि जॉन अटा मिल्स हेही इथलेच विद्यार्थी. शाळा काढली साम्राज्याने आणि तिथून निघाले साम्राज्याला निरोप देणारे! अर्थात हा सगळा सरकारी खजिन्याच्या जोरावरचा, भल्या मोठ्या आवाराचा मामला होता. एवढा खर्च थोड्या निवडक मुलांवर का, अशी टीका तेव्हाही झाली आणि ती अगदीच चुकीची नव्हती.

दुसरे ठिकाण साताऱ्याचे. वसतिगृहांची चळवळ महाराष्ट्रात आधीच रुजली होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात मराठा, जैन, मुस्लिम अशी एकेका समाजाची वसतिगृहे उभी करून दिली. अस्पृश्य मुलांसाठीचे मिस क्लार्क वसतिगृह १९०८ चे. ज्या समाजाला शहरात कोणी दारात उभे करत नव्हते, त्याला हक्काचे छप्पर मिळाले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी पुढचे पाऊल टाकले. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी जे वसतिगृह काढले, त्यात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसली. पैसा नव्हताच. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही गेले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले.

तिसरे ठिकाण आपले अमळनेर.

बोरीकाठचे छात्रालय

अमळनेर म्हटले की कोणाला सखारामबाबांची यात्रा आठवते, तर कोणाला १९४५ साली इथे सुरू झालेला आणि पुढे 'विप्रो' या नावाने जगभर गेलेला वनस्पती तुपाचा कारखाना. पण विसाव्या शतकाच्या आरंभी या गावाची ओळख होती ती श्रीमंत प्रतापशेठ यांच्यामुळे. गिरणीमालक असलेल्या या माणसाला शिक्षणाची आणि तत्त्वज्ञानाची ओढ होती. १९१६ साली त्यांच्या आश्रयाने इथे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेला त्यांचेच नाव मिळाले आणि ती प्रताप हायस्कूल झाली.

या तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासासाठी कोकणातून एक तरुण आला. पांडुरंग सदाशिव साने. गाव पालगड, जन्म २४ डिसेंबर १८९९. अभ्यासापेक्षा माणसांत रमणारा हा तरुण जून १९२४ मध्ये प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाला आणि काही काळाने शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्याच्याकडे आली. आपण त्यांना साने गुरुजी म्हणून ओळखतो.

आसपासच्या खेड्यांतली मुले या छात्रालयात राहत. घरी आहिराणी बोलणारी, शेतकऱ्या-व्यापाऱ्यांची पोरे. त्यांच्यापुढे आलेला माणूस मात्र स्वतः उपाशीपोटी शिकलेला होता. औंधला शिकताना हाताने रांधून खाल्लेले, पुण्यात मिळेल तशी सोय लावून दिवस काढलेले. परक्या गावात एकट्या मुलाचे काय होते, हे त्याला कोणी सांगण्याची गरज नव्हती.

गुरुजींनी छात्रालयात काय केले? नियमांचा कागद भिंतीवर लावला नाही. मुले शाळेत गेली की ते त्यांच्या खोल्या झाडत, विस्कटलेली अंथरुणे घडी घालून ठेवत, कंदिलाच्या काळवंडलेल्या काचा पुसून लख्ख करत. कोणाचे मळके कपडे न बोलता धुऊन टाकत. मुले परत येऊन पाहतात तो खोली नीटनेटकी! पहिल्या दिवशी आश्चर्य, दुसऱ्या दिवशी शरम आणि तिसऱ्या दिवशी मुले स्वतः केरसुणी शोधू लागली, असा तो परिणाम होता. आजारी मुलाच्या उशाशी तर ते आईसारखे बसत.

दुसरी गोष्ट याहून विलक्षण. गुरुजी मुलांसाठी एक हस्तलिखित दैनिक काढत. नावही 'छात्रालय' असेच. रात्री मुले झोपली की ते लिहायला बसत आणि सकाळी मुलांच्या हाती ताजा अंक पडे. त्यात जगातल्या घडामोडी असत, थोरांची चरित्रे असत, गोष्टी आणि कविता असत, आणि छात्रालयातल्याच काल-परवाच्या गोष्टीही असत. एका तालुक्याच्या गावातल्या मुलांना स्वतःचे दैनिक! पुढे १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिकही सुरू केले. वाचनाची गोडी लावा, असा उपदेश आपण मुलांना सतत करतो. गुरुजींनी उपदेश केला नाही. रात्रीची झोप खर्ची घालून मुलांना वाचायला दिले.

सहा वर्षांचे ऋण

एप्रिल १९३० च्या अखेरीस गुरुजींनी शाळा सोडली आणि ते मिठाच्या सत्याग्रहात उतरले. म्हणजे त्यांची शिक्षकी अवघी सहा वर्षांची आणि छात्रालयातला काळ त्याहूनही थोडा. पण या थोड्या वर्षांचे पाणी किती दूरवर गेले पाहा.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार, अठरा अध्याय. ते सारे उतरवून घेतले साने गुरुजींनी. आज देशाच्या अनेक भाषांत वाचली जाणारी 'गीता प्रवचने' धुळ्याच्या त्या कोठडीतून आपल्या हाती आली. रोज रात्री मुलांसाठी लिहिण्याची सवय हाताला नसती, तर हा वेग त्या हाताला आला असता का, असे मला नेहमी वाटते.

१९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. या पुस्तकाची मांडणी आठवा. प्रकरणांना प्रकरण म्हटलेले नाही, 'रात्र' म्हटले आहे. अशा बेचाळीस रात्री. संध्याकाळची प्रार्थना आटोपते, सोबती गोळा होतात आणि श्याम आईच्या आठवणी सांगू लागतो. ही बैठक कुठली? ती वसतिगृहातलीच आहे. घरापासून दूर असलेल्या मुलांना झोपण्यापूर्वी आईची आठवण येते, तेव्हाची ती वेळ आहे. मराठीतले आईवरचे सर्वांत लाडके पुस्तक आई जवळ नसलेल्यांच्या बैठकीत सांगितले गेले, हे आपण विसरतो. 'धडपडणारी मुले' ही कादंबरी तर छात्रालयाच्या अनुभवांवरच उभी आहे.

मग आज काय करायचे? प्रत्येक वसतिगृहाला एकेक साने गुरुजी शोधून द्यायचे? इथेच आपली गल्लत होते. गुरुजींचे नाव घेतले की आपले डोळे पाणावतात आणि डोळे पुसून झाले की आपण कामाला लागतो, ते मात्र दुसऱ्याच. आता तशी माणसे राहिली नाहीत, हे वाक्य आपल्याला फार सोयीचे वाटते. त्यामुळे आपली जबाबदारी संपते.

संत मागवून मिळत नाहीत, हे खरेच. गुरुजी गेल्यावर छात्रालयाला त्यांची उणीव भासलीच असणार. एका माणसाच्या झोपेवर आणि हाडांवर उभी असलेली व्यवस्था ही व्यवस्था नव्हे, तो योग आहे. लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्र आपण अभिमानाने सांगतो, पण मुलांच्या जेवणासाठी कोणाला मंगळसूत्र विकावे लागणे ही समाजाच्या अभिमानाची गोष्ट नाही. म्हणून गुरुजींनी भक्तीने जे केले, ते आज पगार, वेळ आणि माणसे देऊन करायला हवे. काचा पुसणे, आजाऱ्याजवळ बसणे, मुलांशी रात्री चार शब्द बोलणे, त्यांना काही वाचायला देणे. यातले एकही काम असे नाही की जे साध्या, भल्या, थकून न गेलेल्या माणसाला जमणार नाही. अट एवढीच की त्याला थकवून टाकता कामा नये.

आजचे गृहपाल

आज राज्यात आदिवासी विकास विभागाच्या शासकीय आणि अनुदानित मिळून हजाराहून अधिक आश्रमशाळा आहेत. खानदेशात धुळे, यावल, नंदुरबार आणि तळोदा येथील प्रकल्प कार्यालयांकडे त्यांची देखरेख असते. १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तरी साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांतले आदिवासी पाडे धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतच आहेत. त्याखेरीज समाजकल्याण खात्याची वसतिगृहे आहेत, २००४ साली सुरू झालेल्या योजनेतली कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये आहेत, भुसावळसारखी नवोदय विद्यालये आहेत आणि खासगी निवासी शाळांचे तर पेव फुटले आहे.

या सगळ्यांनी किती घरांचे भाग्य पालटले, ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. मोलमजुरीसाठी आईबाप गुजरातेत किंवा ऊसतोडीला गेले की पोरांची शाळा सुटते. गावातच राहून त्यांना शिकता यावे म्हणून हंगामी वसतिगृहाची कल्पना निघाली. एखादी मुलगी वसतिगृहात राहिली की तिचे लग्न चार वर्षे पुढे जाते, हे खेड्यातला कोणताही शिक्षक सांगेल. नवोदयातल्या नववीच्या काही मुलांना वर्षभर हिंदी भाषक राज्यात राहायला पाठवतात. सोळा वर्षांच्या आतले खेड्यातले पोर परप्रांतात वर्ष काढून येते, ही केवढी शिदोरी!

पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आश्रमशाळांतल्या मुलांच्या मृत्यूंचा प्रश्न इतका गंभीर झाला की २०१६ मध्ये डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. साप चावला, ताप अंगावर काढला, वेळेवर दवाखाना गाठता आला नाही. अशा बातम्या आपण वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. त्या प्रत्येक बातमीच्या मागे एक रात्र असते. त्या रात्री मुलाजवळ जागे असायला हवे होते असे कोणीतरी एकतर नेमलेलेच नसते, किंवा शेकडो मुलांमागे एकटे असते, किंवा दुसऱ्या कामाला जुंपलेले असते. शिक्षा खालच्या माणसाला होते. पण एका माणसाला एवढी मुले देणाऱ्या कागदावर सही कोणाची होती, हे कोणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट पंगतीची. २०१८ साली शासनाने शहरांतल्या आदिवासी वसतिगृहांमधली भोजनालये बंद करून जेवणाचे पैसे थेट विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात भरण्याचा निर्णय घेतला. ठेकेदारांच्या निकृष्ट जेवणाच्या तक्रारी होत्या, त्या खोट्या नव्हत्या. पण विद्यार्थ्यांनी या निर्णयाविरुद्ध पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला. पैसे वेळेवर आले नाहीत तर खायचे काय, हा त्यांचा सवाल होता. माझा आणखी एक सवाल आहे. सोबत जेवणे हे निवासी शिक्षणातले निम्मे शिक्षण आहे. साताऱ्याच्या पंगतीत जात मोडली ती भाषणाने नव्हे, शेजारच्या ताटाने. कोण जेवले नाही, कोण अर्धी भाकरी टाकून उठला, हे पंगतीत दिसते. बँकेच्या खात्यात ते दिसत नाही. ज्यांना वसतिगृहात जागाच मिळत नाही त्यांच्यासाठी २०१६-१७ पासूनची 'स्वाधार' योजना आहे. तिची रोख मदत हा मोठा आधार आहे, त्याबद्दल वाद नाही. पण जागा असताना घराऐवजी पैसे देणे म्हणजे आईऐवजी मनीऑर्डर देणे होय.

पैसेवाल्यांच्या निवासी शाळांनीही आपण सुटलो असे समजू नये. तिथे वातानुकूलित वर्ग असतात, घोडेस्वारी असते आणि पत्रकावर जलतरण तलावाचे रंगीत छायाचित्र असते. पण त्या पत्रकात गृहपालाचे नाव आणि छायाचित्र किती वेळा पाहिले आहे? तिथला मुलगा रात्री उशीत तोंड खुपसून रडतो तेव्हा त्याच्या बापाने भरलेली फी त्याच्याजवळ येऊन बसत नाही.

घर फाटकाबाहेर ठेवू नका

आणखी एक मुद्दा, आणि तो खानदेशात विशेष महत्त्वाचा. वसतिगृहात येणारे मूल एकटे येत नाही. ते आपली बोली घेऊन येते. आहिराणी, पावरी, भिल्ली, मावची. कळण्याची भाकरी, भगरीचा भात, नवरात्रातली देवी, होळीचा ढोल हे सगळे त्याच्याबरोबर येते. शिस्तीच्या नावाखाली हे सारे फाटकाबाहेर उतरवून ठेवायला सांगितले, तर मूल सरळ होते पण मुके होते.

हा प्रश्न एकट्या आपल्याकडचा नाही. सुरुवातीला सांगितलेल्या अचिमोटा शाळेत २०२१ मध्ये दोन विद्यार्थ्यांना डोक्यावर जटा आहेत म्हणून प्रवेश नाकारला गेला. जटा ठेवणे हा त्यांच्या रास्ताफारी धर्माचा भाग होता. प्रकरण अक्राच्या उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने मुलांच्या बाजूने कौल दिला. काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्यांचा मेळ मानचिन्हावर मिरवणाऱ्या शाळेलाही शंभर वर्षांनी हा धडा पुन्हा गिरवावा लागला. समानता म्हणजे सगळ्यांचे केस एका मापाने कापणे नव्हे.

गुरुजी कोकणचे आणि मुले खानदेशची. त्यांची भाषा वेगळी, जेवण वेगळे. तरी मुलांना त्यांच्यात परकेपणा वाटला नाही, कारण त्यांनी मुलांना आपल्यासारखे करण्याआधी स्वतः मुलांच्या खोलीत पाऊल टाकले. पाड्यावरून आलेल्या पहिलीच्या मुलीला पहिल्या महिन्यात तिच्या बोलीत चार शब्द बोलणारी एक बाई भेटली, तर ती पळून जाणार नाही. त्यासाठी काही कोटींची योजना लागत नाही.

मागणे काय?

मग व्हायला काय हवे? गृहपालाचे पद हे शिक्षकाच्या बरोबरीचे मानले जावे. त्याला तसेच प्रशिक्षण, तसाच पगार आणि तसाच मान मिळावा. त्याच्या गळ्यात धान्याचे हिशेब, बांधकामाची देखरेख आणि निवडणुकीची कामे मारू नयेत. त्यासाठी लिपिक द्यावा. एका माणसाकडे किती मुले, याला मर्यादा असावी आणि ती पाळली जावी. मुलींच्या वसतिगृहात राहणारी बाईच अधीक्षक असावी आणि मोठ्या आश्रमशाळेत रात्री परिचारिका हवीच. जेवण वसतिगृहातच शिजावे आणि गृहपालाने मुलांच्या पंगतीत बसून तेच खावे. जेवणाचा दर्जा सुधारण्याचा याहून स्वस्त उपाय मला ठाऊक नाही!

आणि मुलांच्या हाती एक कागद द्यावा. हस्तलिखित असो, भित्तिपत्रक असो, पण ते मुलांनी स्वतः लिहिलेले असावे, त्यांच्या बोलीतलेही चालेल. 'छात्रालय' दैनिकाला एक वही, एक दौत आणि एक जागा माणूस एवढेच भांडवल लागले होते.

पालकांनीही आपला वाटा उचलायला हवा. मुलाला वसतिगृहात घालून परतताना प्राचार्यांच्या दालनात चहा घेण्याऐवजी गृहपालाच्या खोलीत दहा मिनिटे बसा. त्याचे बिऱ्हाड तिथे आहे का, पाहा. त्याला आपल्या मुलाच्या सवयी सांगा, त्याचा फोन नंबर घ्या आणि दिवाळीला फराळाचा एक डबा त्याच्या घरीही द्या. ज्या माणसाला कोणी विचारत नाही, तो हळूहळू विचार करायचे सोडतो. ज्याच्याकडे पंचवीस आया विश्वासाने बघत आहेत, त्याला रात्री एकदा उठून खोलीत डोकावून यावेसे वाटते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. १९५२ नंतर हा मान या गावाला दुसऱ्यांदा मिळाला. संमेलननगरीला साने गुरुजींचे नाव होते आणि ते योग्यच होते. गुरुजी अमळनेरच्या शाळेत रुजू झाले, त्यालाही त्याच वर्षी शंभर वर्षे पूर्ण झाली. मांडव उठले, खुर्च्या गेल्या. गुरुजींच्या नावाचे पुतळे, वाचनालये आणि चौक पुष्कळ आहेत आणि आणखीही होतील. पण शिरपूरच्या एखाद्या आश्रमशाळेत किंवा चोपड्याच्या एखाद्या वसतिगृहात एक माणूस नेमला गेला, त्याच्याकडे मोजकी मुले दिली गेली, त्याला रात्री जागे राहण्याइतकी ताकद आणि दिवसा मान वर करून चालण्याइतका पगार दिला गेला, तर ते गुरुजींचे खरे स्मारक होईल. त्याच्यासमोर कोणी हार घालणार नाही. फक्त एखादे मूल ताप उतरल्यावर सकाळी डोळे उघडेल आणि समोर कोणीतरी बसलेले त्याला दिसेल.